ल्युसीनवर दुसऱ्यांदा आळ

सप्लिमेंटच्या दुकानात काउंटरमागे काळे डबे ओळीने लावलेले असतात. समोरच ठसठशीत अक्षरांत 'बीसीएए', आणि मागे बारीक टाइपात प्रमाण: ल्युसीन दोन भाग, आयसोल्युसीन एक, व्हॅलिन एक. जिममध्ये नुकतंच नाव घातलेला मुलगा हा डबा 'मसल भरतात' म्हणून घेतो. मधुमेहावर काम करणाऱ्या संशोधकाला मात्र हीच तीन नावं रक्ताच्या रिपोर्टात चढलेली दिसली की तो सावध होतो. उपाशीपोटी काढलेल्या रक्तात ही अमायनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, जास्त असणाऱ्या माणसाला पुढच्या दहा-बारा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते, आणि त्या वेळी त्याची साखर अगदी नॉर्मल असू शकते.

मग प्रथिनं खावीत की टाळावीत? घरात कुणाची 'शुगर बॉर्डरवर' आली की हा प्रश्न हमखास निघतो. एक नातेवाईक सांगतो, भात-पोळी बंद कर, पनीर आणि अंडी खा. दुसरा सांगतो, जास्त प्रोटीननं किडनी जाते. आता इंटरनेटवरून तिसरा येतो आणि म्हणतो, प्रोटीननंच डायबेटीस होतो. या तिसऱ्याचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही, पण ते अर्धवट आहे. कसं, ते सांगण्यासाठी आधी ज्वारीकडे जावं लागेल. कारण ल्युसीनवर पहिला आळ आला तो याच दख्खनच्या पठारावर.

ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या इथल्या गरीब मजुरांत पेलाग्रा हा आजार दिसत असे. जिथे ऊन लागतं तिथली कातडी, म्हणजे मान, हात, पावलं, काळपट होऊन सोलवटायची. जुलाब लागायचे आणि आजार बळावला की माणूस भ्रमिष्ट व्हायचा. पेलाग्रा जगभर मका खाणाऱ्यांचा आजार म्हणून प्रसिद्ध होता. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावातून तो होतो, आणि शरीर थोडं नायसिन ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून स्वतःही बनवतं. मक्यात ट्रिप्टोफॅन फारच थोडं, त्यामुळे मक्याचं कोडं सुटत होतं. ज्वारीचं सुटेना, कारण ज्वारीत ते तितकं कमी नाही. हैदराबादच्या पोषणसंशोधन प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये एक वेगळाच संशयित पुढे केला: ज्वारीतलं ल्युसीन. ज्वारीच्या प्रथिनात ते भरमसाट असतं, आणि त्याच्या अतिरेकानं ट्रिप्टोफॅन-नायसिनचा व्यवहार बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

पुढे इतरांच्या प्रयोगांत ही गोष्ट तितकी ठामपणे उतरली नाही. बी-सहा जीवनसत्त्वाचाही प्रश्न मध्ये आला, आणि वाद निर्णायकपणे मिटला असं काही झालं नाही. पण एक गोष्ट तेव्हाही उघड होती. ज्यांच्या ताटात ज्वारीच्या जोडीला डाळ, दूध, भाजी होती, त्यांना पेलाग्रा होत नव्हता. ज्यांच्या ताटात भाकरी, मिरची आणि मीठ एवढंच होतं, त्यांना होत होता. ल्युसीन दोन्ही ताटांत होतं.

दुसरा आळ अमेरिकेतून आला, आणि त्याचीही सुरुवात साठच्या दशकातलीच. १९६९ मध्ये फिलिप फेलिग, एरल मार्लिस आणि जॉर्ज केहिल यांनी लठ्ठ आणि सडपातळ माणसांच्या रक्तातली अमायनो आम्लं मोजली. लठ्ठ माणसांत पाच वाढलेली निघाली: ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन. ज्याच्या रक्तात इन्सुलिन जास्त, त्याच्यात हीही जास्त. ग्लायसिन मात्र उलट कमी. शोधनिबंध छापून आला, आणि मधुमेहाचं जग पुन्हा साखर आणि चरबी मोजण्यात गढून गेलं. चार दशकं या पाच नावांकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

२०११ मध्ये टॉमस वँग आणि सहकाऱ्यांनी फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातले साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने बाहेर काढले. रक्त दिलं तेव्हा साखर नॉर्मल असलेली ही २,४२२ माणसं. पुढच्या १२ वर्षांत त्यांतल्या २०१ जणांना मधुमेह झाला. ज्यांना झाला त्यांच्या जुन्या रक्तात काय वेगळं होतं, हे शोधताना मास स्पेक्ट्रोमीटरनं पुन्हा तीच पाच नावं वर काढली. त्यांतल्या तिघांचं एकत्रित प्रमाण ज्यांच्यात सर्वांत वरच्या चतुर्थांशात होतं, त्यांचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या पाचपटीहून जास्त भरला. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या अभ्यासातही तसंच दिसलं.

आपल्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा अभ्यास लंडनचा आहे. साउथॉल आणि ब्रेंट या भागांत राहणारे युरोपीय आणि दक्षिण आशियाई पुरुष १९ वर्षं नजरेखाली ठेवले गेले. या काळात युरोपीयांपैकी १४ टक्क्यांना मधुमेह झाला आणि दक्षिण आशियाईंपैकी ३५ टक्क्यांना. आपल्या लोकांच्या रक्तात आयसोल्युसीन, टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन मुळातच वरच्या पातळीवर होतं, आणि टायरोसिनवरून पुढचा मधुमेह ओळखण्याची खूण युरोपीयांपेक्षा आपल्यात जास्त ठळक होती. साउथॉलमध्ये पंजाबी वस्ती मोठी आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे सांगली-सोलापूरला लावता येणार नाहीत. पण दिशा कळते.

इथपर्यंत वाचून कुणी पॅथॉलॉजीत फोन करायला उठेल म्हणून सांगते: ही तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते आणि तिची तशी गरजही नाही. त्याच बिघाडाचा माग घेणारा जवळचा आकडा इन्सुलिनचा आहे. दोन माणसं घ्या, दोघांची फास्टिंग ९५. रिपोर्टवर दोघंही नॉर्मल, दोघंही खूश. एकाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन ६ आणि दुसऱ्याचं १८. साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५, असं गणित मांडलं की पहिल्याचा आकडा १.४ येतो आणि दुसऱ्याचा ४.२. याला 'होमा-आयआर' म्हणतात. ९५ वर साखर टिकवण्यासाठी दुसऱ्याचं स्वादुपिंड तिप्पट राबतंय, आणि हे साखरेच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ती पाच अमायनो आम्लं वाढतात ती बहुतेक या दुसऱ्या माणसाच्या रक्तात.

आता मुद्द्याचा प्रश्न. रक्तात ल्युसीन जास्त आहे, म्हणजे खाण्यात जास्त होतं का?

सहज उत्तर 'हो' असं येईल, आणि तिथेच फसगत होते. मोरी तुंबलेली असली की दोन तांबे पाणी घेतलं तरी ते घोट्यापर्यंत चढतं. या तीन अमायनो आम्लांचं तसंच आहे, अडचण निचऱ्याची आहे. जेवणातली बहुतेक अमायनो आम्लं आतड्यातून यकृतात जातात आणि यकृत त्यांची तिथेच विल्हेवाट लावतं. या तिघांच्या विघटनाचं पहिलं पाऊल टाकणारं विकर मात्र यकृतात जवळपास नसतंच, म्हणून ती पुढे स्नायूंकडे जातात. त्यानंतरची पायरी बीसीकेडीएच नावाच्या विकरसमूहाची. हे विकर शरीर गरजेप्रमाणे चालू-बंद करतं. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात, विशेषतः चरबीच्या पेशींत, ते मंदावतं. शिवाय स्नायू फार मोडू नयेत यावर इन्सुलिनचा वचक असतो, तोही ढिला पडतो. लक्षात घ्या, तपासणीचं रक्त उपाशीपोटी घेतात. रात्रीचं जेवण तोवर मार्गी लागलेलं असतं, आणि रक्तात जे ल्युसीन तरंगत असतं त्यातलं बरंचसं आपल्याच स्नायूंतून आलेलं असतं.

अपराधी कोण, हे ठरवायला जनुकांचीही साक्ष काढली गेली. २०१६ मधला लुका लोटा यांचा अभ्यास म्हणाला, ज्यांच्या जनुकांमुळेच ही आम्लं जन्मभर वरच्या पातळीवर राहतात त्यांना मधुमेह जास्त होतो, म्हणजे दोष आम्लांचा. दुसऱ्याच वर्षी याच पद्धतीचा आणखी एक अभ्यास आला. त्यानं सांगितलं, इन्सुलिन-रोध, म्हणजे शरीरानं इन्सुलिनला दाद न देणं, आधी येतो आणि ही आम्लं मागाहून वाढतात. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण दोन्ही खरं असू शकतं: बिघाडामुळे आम्लं वाढतात आणि वाढलेली आम्लं बिघाडात भर घालतात.

खाण्याचे अभ्यास पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो, आणि त्या गोंधळातच उत्तर दडलेलं आहे. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या मोठ्या अभ्यासांत, आहारातून ही तीन आम्लं जास्त घेणाऱ्यांना मधुमेह जास्त झाला. जपानमध्ये ताकायामा शहरात उलट निघालं. तिथे धोका कमी होण्याकडे कल होता, विशेषतः बायकांमध्ये. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासातही, ही आम्लं जास्त खाणारी बहीण लठ्ठ असण्याची शक्यता कमी होती. तेच ल्युसीन अमेरिकेत गुन्हेगार आणि जपानात सज्जन कसं? अमेरिकन माणसाला ते मोठ्या प्रमाणावर मांसातून मिळतं, आणि सोबत चरबी, बन, फ्राइज येतात. जपानी माणसाच्या ताटात ते भात, मासे आणि सोयाबीनमधून येतं.

क्रिस्टोफर न्यूगार्ड यांनी २००९ मध्ये ड्यूक विद्यापीठात उंदरांवर जो प्रयोग केला, तो मला या साऱ्या साहित्यातला सर्वांत बोलका वाटतो. चरबीयुक्त खाण्यात ही तीन आम्लं मिसळली तेव्हा उंदीर कमी खाऊ लागले. त्यांचं वजन साध्या खाण्यावरच्या उंदरांइतकंच राहिलं, तरी चरबी भरपूर खाणाऱ्या उंदरांइतकाच इन्सुलिन-रोध त्यांच्यात आला. मग तीच आम्लं साध्या खाण्यात मिसळून दिली. काही झालं नाही! मजुराच्या भाकरीची गोष्ट इथे पुन्हा आठवते. ताटात ल्युसीनच्या शेजारी काय बसलंय, त्यावर सगळं अवलंबून.

माणसांवरचे नियंत्रित प्रयोग थोडे आणि लहान आहेत. ड्युसेलडॉर्फमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या १२ रुग्णांच्या आहारातून आठवडाभर ही आम्लं ६० टक्क्यांनी कमी केली, एकूण प्रथिनं तेवढीच ठेवून. जेवणानंतर स्वादुपिंडाला कमी इन्सुलिन सोडावं लागलं. पण शरीर इन्सुलिनला किती दाद देतं हे मोजायची जी सर्वांत कसोशीची पद्धत आहे, क्लॅम्प, तिच्यात फरक दिसला नाही. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी उलटा मार्ग धरला. खाण्याला हात न लावता त्यांनी विघटनाचं विकर जोमानं चालवणारं औषध दोन आठवडे दिलं. रक्तातली आम्लं उतरली आणि स्नायू इन्सुलिनला अधिक दाद देऊ लागले. निचरा मोकळा केला, पातळी खाली आली.

तरी प्रथिनांना निर्दोष सोडता येत नाही. सेंट लुईसमध्ये पाळी थांबलेल्या लठ्ठ बायकांनी आहारावर राहून सुमारे १० टक्के वजन उतरवलं. नेहमीइतकी प्रथिनं खाणाऱ्यांचा इन्सुलिन-रोध चांगलाच कमी झाला. वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्यांचं वजन तेवढंच उतरलं, पण हा फायदा त्यांच्या पदरात पडलाच नाही. परदेशातल्या भरल्या ताटावर आणखी प्रथिनं ओतण्यात काही शहाणपण नाही, असा याचा अर्थ मी घेते.

आपलं ताट मात्र भरलेलं नाही, निदान त्या बाजूनं नाही. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक काठावरचे असल्याचा अंदाज दिला, ते आकडे वर्तमानपत्रांतून गाजले. त्याच पाहणीतला आहाराचा भाग तितका गाजला नाही. भारतीय माणसाच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांचा. दोन हजार कॅलरींच्या हिशेबानं ३१० ग्रॅम कर्बोदकं आणि ६० ग्रॅम प्रथिनं. कर्बोदकांतली पाच टक्के ऊर्जा कमी करून तेवढी डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतली, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते, असं त्यांचं गणित सांगतं.

हे गणित चुलीपाशी मांडून पाहू. साठ किलोचा माणूस, दिवसाला ज्वारीच्या चार भाकऱ्या, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पीठ. त्यातून प्रथिनं मिळाली २० ग्रॅमच्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसीन इतकं असतं की या चार भाकऱ्यांतच त्याची दिवसाची गरज, किलोमागे ३९ मिलिग्रॅम, जवळपास भागते. पण लायसिन या दुसऱ्या आवश्यक अमायनो आम्लाची गरज जेमतेम पाव भागते. उरलेलं पाऊण कुठून आणायचं? तुरीच्या डाळीत लायसिन चांगलं असतं, पण ही तूट भरायला ८०-९० ग्रॅम कोरडी डाळ लागेल. आपल्याकडे वाढली जाणारी पातळ आमटी, तळाशी डाळ आणि वर पाणी, त्यात वाटीला पंधरा-वीस ग्रॅम डाळ असली तरी पुष्कळ. पिठलं घट्ट असेल तर जरा बरं. तेव्हा भाकरी खाणाऱ्या माणसाला तुटवडा ल्युसीनचा नसतो, आणि डब्यातून पैसे मोजून तो विकत घेतो नेमकं ल्युसीनच.

उपवासाचं तर बोलायलाच नको. साबुदाण्यात प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीची लाज राखतो तो दाण्याचा कूट.

शाकाहारी माणसासाठी यात एक खोच आहे, जी आहारतक्त्यांत क्वचितच सांगतात. २५ ग्रॅम प्रथिनं चार अंड्यांतून घेतली तर कर्बोदकं जवळपास येतच नाहीत. डाळीतून घेतली तर त्यांच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं सोबत येतात. म्हणून नेहमीच्या चार भाकऱ्यांवर मटकीची उसळ नुसती वाढवून चालत नाही. उसळ आली की एखादी भाकरी ताटातून उठायला हवी. सासूबाई आग्रह करणाऱ्या असतील तर हे काम कठीण.

आता पुण्याकडे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आई-बाळांचा माग ठेवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत, पण चरबी मात्र त्यांनी राखलेली होती. कमी पडलं होतं ते स्नायूंचं मांस. गर्भारपणात या आयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-बारा कमी होतं. ज्यांच्यात बी-बारा कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वांत जास्त आढळला.

याचा अमायनो आम्लांशी संबंध दोन ठिकाणी लागतो. स्नायू हेच साखर जिरण्याचं मोठं ठिकाण आणि ल्युसीन-मंडळींच्या विघटनाचंही. स्नायू कमी म्हणजे दोन्हींना जागा कमी. दुसरा संबंध जीवरसायनाच्या पुस्तकातला आहे: व्हॅलिन आणि आयसोल्युसीन मोडताना शेवटच्या टप्प्यांतली एक पायरी बी-बाराशिवाय पुरी होत नाही. आपल्याकडच्या मधुमेहात ही अडलेली पायरी किती वाटा उचलते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पण शाकाहारी माणसानं, त्यातही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यानं, बी-बारा तपासून घ्यायला हे निमित्त पुरेसं आहे. मेटफॉर्मिननं बी-बारा उतरतं हे पक्कं ठाऊक आहे.

डब्यांबद्दल राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट भूमिका घेतली: शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा. तिसऱ्या नातेवाइकाच्या भीतीतला खरा भाग इथे आहे. आधीच इन्सुलिन-रोध असलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसानं सुटं ल्युसीन चमच्यानं घेण्यात काही हशील नाही. दुसऱ्या नातेवाइकाचंही एका बाबतीत बरोबर आहे. मधुमेहानं मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरनंच ठरवायला हवं, आणि इजा झाली आहे का हे क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि ज्या ल्युसीनवर एवढा आळ, त्याची एक चांगली करणीही सांगायला हवी. स्वादुपिंडाला ते इन्सुलिन सोडायला लावतं. जेवणात प्रथिनं आधी पोचली तर मागून येणाऱ्या साखरेसाठी तयारी झालेली असते. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये ११ मधुमेहींना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि कोंबडी आधी, पाव आणि संत्र्याचा रस शेवटी, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी निघाली. पदार्थ तेच, प्रमाण तेच. प्रयोग लहान आहे, पण करून पाहायला खर्च नाही.

आपल्या पंगतीचा क्रम याच्या बरोबर उलट. आधी भाताची मूद, वर वरण-तूप, मग जिलबीचा आग्रह. डावीकडची कोशिंबीर आणि उजवीकडची उसळ तोंडी लावण्यापुरती. वदनी कवळ म्हणून झाल्यावर पहिला हात कुठे घालायचा, यावर मात्र अजून कुणा वाढप्यानं हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.